सिद्धतेतलं भगदाड : अँड्र्यू वाइल्स, १९९३-९४

१९९३ साल संपता संपता ‘पीपल’ या अमेरिकी साप्ताहिकाने वर्षातल्या पंचवीस लक्षवेधी माणसांची यादी छापली. त्या यादीत प्रिन्स्टन विद्यापीठातला एक चाळीस वर्षांचा, मितभाषी गणितज्ञ होता. साडेतीनशे वर्षं कुणाला न सुटलेलं फर्माचं शेवटचं प्रमेय त्याने सिद्ध केलं, म्हणून. आणि त्याच डिसेंबरच्या ४ तारखेला त्या गणितज्ञाने आपल्या व्यवसायबंधूंना एक छोटी ईमेल पाठवली होती. तिचा मथितार्थ असा, की सिद्धता तपासताना बरेच प्रश्न निघाले, बहुतेक सुटले, पण एक सुटलेला नाही. शेवटचा हिशोब सध्या आहे त्या रूपात पूर्ण नाही.

म्हणजे जग टाळ्या वाजवत होतं आणि ज्याच्यासाठी वाजवत होतं तो घरी बसून भगदाड बुजवत होता.

अँड्र्यू वाइल्स यांची गोष्ट ‘चिकाटीचं फळ’ या मथळ्याखाली बऱ्याचदा सांगितली जाते, आणि ती तशी सांगितली की त्यातली कामाची गोष्ट नेमकी निसटते. ते हरले नाहीत, एवढं कळतं. त्या वर्षभरात ते रोज सकाळी टेबलाशी बसून करत काय होते, ते कळत नाही. मला त्यातच रस आहे.

प्रश्न आणि पोरगा

प्रश्न सांगायला सोपा आहे. ३ चा वर्ग आणि ४ चा वर्ग मिळून ५ चा वर्ग होतो. असे पूर्ण संख्यांचे त्रिकुट हवे तितके सापडतात. आता वर्गाच्या जागी घन घ्या, चौथा घात घ्या, कुठलाही मोठा घात घ्या. असं एकही त्रिकुट सापडत नाही. कधीच सापडणार नाही, असं पिएर द फर्मा या फ्रेंच वकिलाने १६३७ च्या सुमाराला एका जुन्या ग्रंथाच्या समासात लिहून ठेवलं, आणि वर टीप दिली की आपल्याकडे याची सुंदर सिद्धता आहे, पण समासात जागा पुरत नाही. (गणिताच्या इतिहासात जागेच्या टंचाईने इतका मनस्ताप दुसऱ्या कुणाला दिला नसेल.)

केंब्रिजमध्ये वाढणाऱ्या दहा वर्षांच्या अँड्र्यूला हा प्रश्न वाचनालयातल्या एका पुस्तकात भेटला. दहा वर्षांच्या मुलाला कळेल असा प्रश्न आणि मोठमोठ्यांना न सुटलेला, एवढं त्याला पुरलं. पुढे तो गणितात शिकला, केंब्रिजलाच जॉन कोट्स यांच्या हाताखाली पीएचडी करू लागला, आणि तिथे त्याने हा प्रश्न बाजूला ठेवला. फर्माच्या मागे लागून वर्षं जातात आणि हाती काही येत नाही, हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं. कोट्स यांनी त्याला एलिप्टिक कर्व्ह (एका विशिष्ट प्रकारच्या घन समीकरणांतून निघणारे वक्र) या विषयाकडे वळवलं.

ध्येयाचा पाठपुरावा म्हणतात तो इथे सुमारे दहा वर्षं बंद होता. आणि त्या बंद काळात शिकलेला विषयच पुढे उपयोगी पडला. हे त्यांनी योजलेलं नव्हतं.

१९८६ च्या उन्हाळ्यात एका मित्राकडे गप्पा मारताना वाइल्स यांच्या कानावर आलं, की केन रिबेट या गणितज्ञाने एक दुवा पक्का केला आहे: तानियामा आणि शिमुरा या जपानी गणितज्ञांची एक अटकळ खरी ठरली, तर फर्माचं प्रमेय आपोआप खरं ठरतं. ती अटकळ एलिप्टिक कर्व्हबद्दलच होती. प्रत्येक एलिप्टिक कर्व्हला मॉड्युलर फॉर्म नावाच्या, पार वेगळ्या जातीच्या वस्तूंमध्ये एक जोडीदार असतो, असं ती म्हणते. ती सिद्ध होणं आपल्या हयातीत शक्य नाही असं बहुतेक जाणकारांचं मत होतं. खुद्द रिबेट त्यांत होते.

सात वर्षं माळ्यावर

पुढची सात वर्षं वाइल्स यांनी घराच्या माळ्यावरच्या खोलीत काढली. काय चाललंय हे फक्त पत्नी नाडा यांना माहीत. कुणाला शंका येऊ नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली: आधीच जवळजवळ पूर्ण झालेलं एक मोठं काम तुकड्या-तुकड्याने, काही महिन्यांच्या अंतराने छापत राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, गडी नेहमीचंच काहीतरी करतोय.

कामाची रचना डोमिनोच्या रांगेसारखी होती. पहिला ठोकळा पाडायचा, आणि एक ठोकळा पडला की पुढचा पडतोच हे दाखवायचं. पहिला ठोकळा पडायलाच दोनेक वर्षं गेली. दुसऱ्या भागासाठी त्यांनी इवासावा सिद्धांत हे हत्यार घेतलं. ते त्यांच्या हातचं, पीएचडीपासूनचं. १९९१ च्या उन्हाळ्यापर्यंत ते घासून पाहिलं आणि मग बाजूला टाकलं. नेमक्या हव्या त्या जागी ते पोचत नव्हतं. त्याच सुमाराला एका परिषदेत कोट्स यांच्याकडून कळलं, की माथियास फ्लाख नावाच्या तरुण गणितज्ञाने कोलिवागिन यांच्या कल्पनेवरून एक नवी पद्धत काढली आहे. वाइल्स यांनी ती उचलली आणि स्वतःच्या गरजेप्रमाणे ताणायला सुरुवात केली.

‘ताणायला’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कारण भगदाड पुढे तिथेच पडलं.

जानेवारी १९९३ मध्ये त्यांना वाटू लागलं, ही पद्धत आपल्याला नवी आहे, कुणीतरी जाणकाराने बघायला हवी. त्यांनी सहकारी निक कॅट्झ यांना विश्वासात घेतलं. दोघांनी शक्कल लढवली: ‘एलिप्टिक कर्व्हवरची आकडेमोड’ अशा निरुपद्रवी नावाचा एक पदव्युत्तर वर्ग जाहीर केला. वाइल्स शिकवणार, कॅट्झ मागे बसून तपासणार. हे सगळं कशासाठी चाललंय ते न कळल्याने विद्यार्थी एकेक करत गळाले, आणि शेवटी वर्गात कॅट्झ तेवढे उरले. त्यांना काही खोट दिसली नाही.

मे महिन्यात उरलेली एक अडचणही सुटली. बॅरी मेझर या गणितज्ञाचा एक लेख सहज चाळताना एका वाक्यावर नजर थांबली, आणि वाइल्स यांच्या लक्षात आलं की ३ या संख्येशी अडलेलं काम ५ वर नेलं तर पुढे सरकतं. त्या दिवशी ते दुपारचं जेवण विसरले. चारच्या सुमारास खाली येऊन नाडांना म्हणाले, सुटलं.

२१, २२ आणि २३ जून १९९३. केंब्रिजच्या आयझॅक न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये तीन व्याख्यानं. शीर्षकात फर्माचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी खोली खचाखच भरलेली, कॅमेरे आलेले. फळ्यावर प्रमेय लिहून वाइल्स म्हणाले, मला वाटतं मी इथेच थांबतो. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी होती. एका कपड्यांच्या कंपनीने तर त्यांना जाहिरातीसाठी विचारलं.

कॅट्झ यांचा प्रश्न

सुमारे दोनशे पानांचं हस्तलिखित एका नियतकालिकाकडे गेलं. संपादक मेझरच होते. नेहमी दोन-तीन परीक्षक नेमले जातात. त्यांनी सहा नेमले आणि प्रकरणं वाटून दिली. तिसरं प्रकरण कॅट्झ यांच्या वाट्याला आलं. उन्हाळा त्यांनी पॅरिसमध्ये काढला, ल्यूक इल्यूझी यांच्या सोबतीने ओळन् ओळ वाचत. अडलं की वाइल्स यांना ईमेल. उत्तर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी यायचं. बहुतेक शंका लिहिण्यातल्या ढिलाईच्या होत्या.

ऑगस्टच्या शेवटी आलेली एक शंका तशीच वाटली. वाइल्स यांनी उत्तर दिलं. कॅट्झ यांचं समाधान झालं नाही. पुन्हा उत्तर. पुन्हा नाही. सप्टेंबरात वाइल्स यांना कळून चुकलं, की हे लिहिण्यातलं नाही. ताणलेली पद्धत प्रत्येक ठिकाणी चालेलच याची हमी मिळत नव्हती. डोमिनोची रांग मध्येच थांबू शकत होती.

या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट मला हीच वाटते. हाच भाग, हाच माणूस, काही महिन्यांपूर्वी त्या रिकाम्या वर्गात ऐकून गेला होता. तेव्हा बोलणारा पुढे नेतो तसं ऐकणारा पुढे जातो. ओळ वाचताना मात्र थांबता येतं, मागे जाता येतं, आणि ‘हे कसं?’ असं विचारून पुन्हा विचारता येतं. कॅट्झ यांना वसंतात न दिसलेलं उन्हाळ्यात दिसलं, ते वाचण्याची रीत बदलल्यामुळे. आपलं काम ‘एकाला दाखवून घेतलं’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा त्याला ते ऐकवलेलं असतं की वाचायला दिलेलं, हे विचारायला हवं.

नाडांचा वाढदिवस ६ ऑक्टोबरला. त्यांनी भेट मागितली होती ती बरोबर सिद्धतेची. हाती दोन आठवडे. जमलं नाही.

उघड्यावरचं अपयश

आधीच्या सात वर्षांत अपयशं नव्हती असं नाही. १९९१ मध्ये एक अख्खी वाट बंद पडली होती. पण ती माळ्यावर बंद पडली. कुणाला खुलासा द्यायचा नव्हता. आता दर आठवड्याला कुणीतरी विचारत होतं, हस्तलिखित कधी बघायला मिळणार? १९८८ मध्ये मियाओका या जपानी गणितज्ञाच्या अशाच घोषणेचा गाजावाजा झाला होता आणि काही आठवड्यांत तिच्यात दोष सापडला होता. ते उदाहरण सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. एप्रिल १९९४ मध्ये तर अफवा उठली, की फर्माचं प्रमेयच खोटं ठरवणारं उदाहरण सापडलं आहे. ती १ एप्रिलची थट्टा निघाली, पण काही तास का होईना, लोकांनी विश्वास ठेवला.

हस्तलिखित खुलं करावं, कुणीतरी मिळून दुरुस्त करेल, असं अनेकांचं म्हणणं होतं. वाइल्स यांनी ते केलं नाही. इथे त्यांचं कौतुक करण्याची मला घाई नाही. प्रश्न गणिताचा होता, पण स्वप्न त्यांचं होतं, आणि शेवटचा टाका दुसऱ्या कुणी घालावा हे त्यांना सोसणारं नव्हतं. हा स्वार्थ म्हणायचा तर म्हणावा. डिसेंबरच्या ईमेलमध्येही, केंब्रिजला सांगितलेल्या कल्पनांनीच हे लवकर पूर्ण होईल, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला होता. लवकर तर झालं नाहीच, आणि झालं तेही त्या कल्पनांनी नाही.

पण एक पाऊल त्यांनी मागे घेतलं. सहकारी पीटर सार्नाक यांनी सांगितलं, की अडचणीचा निम्मा भाग तुझ्याजवळ रोज बोलायला कुणी विश्वासाचं नाही हा आहे. वाइल्स यांनी आपला जुना विद्यार्थी रिचर्ड टेलर यांना बोलावलं. जानेवारी १९९४ मध्ये टेलर प्रिन्स्टनला आले. सगळ्या जगासाठी दार उघडायचं नाही, पण एका माणसासाठी उघडायचं, ही तडजोड होती, आणि ती चुकीची ठरली नाही.

उन्हाळा आला तरी भगदाड होतं तिथेच. ऑगस्टमध्ये झुरिकला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली, तिथे वाइल्स बोलले, ते सिद्धता अपुरी असतानाच. या परिषदेत फील्ड्स पदकं (गणितातला सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या सन्मानांपैकी एक) दिली जातात, आणि भगदाडामुळे वाइल्स यांचं पदक हुकलं असं सर्रास लिहिलेलं आढळतं. ते खरं नाही. पदकासाठी परिषदेच्या वर्षी १ जानेवारीला वय चाळिशीच्या आत लागतं. वाइल्स यांना एप्रिल १९९३ मध्येच चाळीस पूर्ण झाली होती. सिद्धता निर्दोष असती तरी पदक मिळालं नसतं. हुकलेल्या पदकाने गोष्ट जास्त हळवी होते, म्हणून ते टिकून आहे.

आणखी एक महिना

उन्हाळ्याच्या शेवटी वाइल्स यांनी टेलर यांना सांगितलं, आता मला यात काही अर्थ दिसत नाही, हार मान्य करूया. टेलर सप्टेंबर अखेरपर्यंत तसेही तिथे असणार होते. ते म्हणाले, आणखी एक महिना बघू.

हा ‘एक महिना’ मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘काही झालं तरी सोडायचं नाही’ अशी प्रतिज्ञा त्यात नाही. तारीख ठरलेली आहे आणि त्यानंतर हार जाहीर करायची आहे. आणि हार जाहीर करायची तर निदान नीट सांगता यायला हवं, की ही पद्धत का चालत नाही. म्हणून वाइल्स शेवटचं एकदा कोलिवागिन-फ्लाख पद्धतीकडे वळले. ती चालवण्याची आशा त्यांनी सोडलेली होती. ती का चालत नाही याचा खुलासा त्यांना हवा होता, स्वतःसाठी.

प्रश्न बदलला होता. वर्षभर प्रश्न होता, ‘हे कसं चालवू?’ त्या प्रश्नाला एक ओढ असते. तो माणसाला भोकाभोवती ठिगळं लावायला लावतो, एक लावलं की दुसरीकडे फाटतं. वाइल्स आणि टेलर यांनी वर्षभर तेच केलं. ‘हे का चालत नाही?’ या प्रश्नाला ठिगळ नको असतं. तो भोकाच्या कडा मोजतो.

सोमवार, १९ सप्टेंबर १९९४. सकाळी टेबलाशी बसून कडा मोजताना वाइल्स यांना दिसलं, की ही पद्धत ज्या ठिकाणी मोडते तिथे ती मोडता मोडता एक वस्तू हातात देऊन जाते. आणि नेमकी तीच वस्तू नव्हती म्हणून तीन वर्षांपूर्वी इवासावा सिद्धांताची वाट अडली होती. एकटी कुठलीच पद्धत पुरेशी नव्हती, पण एकीचं अपयश दुसरीची भर होती. ते वीस मिनिटं कागदाकडे नुसते बघत राहिले. मग दिवसभर विभागात इकडेतिकडे फिरले, आणि मधून मधून परत येऊन बघत, अजून आहे ना? होतं. रात्री त्यावर झोप काढली, सकाळी पुन्हा तपासलं, आणि खाली जाऊन नाडांना सांगितलं.

६ ऑक्टोबरला त्यांना वाढदिवसाची भेट मिळाली. एक वर्ष उशिरा, हस्तलिखिताच्या रूपात.

ज्यांच्या बाबतीत असं घडलं नाही

एकाच यशस्वी माणसावरून काही ठरवणं धोक्याचं, म्हणून याच प्रश्नावरची एक जुनी घटना शेजारी ठेवतो. १ मार्च १८४७ रोजी गाब्रिएल लामे यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत जाहीर केलं, की फर्माचं प्रमेय जवळपास सुटलं. लिऊव्हिल यांनी तिथल्या तिथे शंका काढली: तुम्ही सिद्धतेत वापरलेल्या नव्या प्रकारच्या संख्यांचे अवयव एकाच प्रकारे पडतात हे तुम्ही गृहीत धरलं आहे, ते खरं आहे का? पुढचे कित्येक आठवडे लामे ते भोक बुजवू पाहत होते. २४ मे रोजी जर्मनीहून आलेलं एर्न्स्ट कुमर यांचं पत्र अकादमीत वाचून दाखवलं गेलं. ते गृहीतक चुकीचंच आहे, हे कुमर यांनी तीन वर्षांपूर्वीच छापून टाकलं होतं.

लामे यांचा प्रयत्न तिथे संपला. कुमर यांचं काम मात्र तिथून सुरू झालं होतं. अवयव एकाच प्रकारे पडत नाहीत, तर नेमके कसे पडतात, किती बिघडतं, कुठल्या घातांना बिघडतं, याचा त्यांनी हिशोब मांडला. त्यातून ‘आदर्श संख्या’ ही कल्पना निघाली, आणि १०० च्या आतल्या अविभाज्य घातांपैकी ३७, ५९ आणि ६७ सोडून सगळ्यांसाठी फर्माचं प्रमेय सिद्ध झालं. पूर्ण प्रमेय कुमर यांनाही मिळालं नाही. पण आज बीजगणितात जी संरचना शिकवतात तिचा मोठा भाग त्या बिघाडाच्या हिशोबातून आलेला आहे.

लामे यांच्यात चिकाटी नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही. १८३९ मध्ये त्यांनीच सातव्या घाताची सिद्धता दिली होती, आणि ती सोपी नव्हती. फरक चिकाटीत नव्हता. भोक दिसल्यावर एकाने ते बुजवायला घेतलं, दुसऱ्याने मोजायला.

वाइल्स वर्षभर लामे होते. मग एका महिन्यासाठी कुमर झाले, तेही हार मानायची वेळ आल्यावर. मुदत नसती तर झाले असते का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

छापलेली पानं

२५ ऑक्टोबर १९९४ रोजी दोन लेख बाहेर आले. एक मोठा, वाइल्स यांचा. दुसरा छोटा, टेलर आणि वाइल्स यांचा मिळून, भगदाडाच्या जागी आलेल्या नव्या युक्तिवादाचा. मे १९९५ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ने दोन्ही एकत्र छापले, सुमारे १३० पानं. वोल्फ्सकेल या जर्मन गृहस्थांनी याच प्रमेयाच्या सिद्धतेसाठी मृत्युपत्रात ठेवलेलं आणि १९०८ पासून जाहीर असलेलं बक्षीस १९९७ मध्ये वाइल्स यांना मिळालं. त्याची मुदत संपायला दहा वर्षं उरली होती. आबेल पारितोषिक २०१६ मध्ये.

छापलेल्या सिद्धतेत कोलिवागिन-फ्लाख पद्धतीचा तो ताणलेला युक्तिवाद नाही. ज्याच्या जोरावर केंब्रिजच्या खोलीत टाळ्या पडल्या, तो भाग संपूर्ण गळला. मोठ्या लेखाच्या प्रस्तावनेत मात्र त्याचा उल्लेख आहे. १९९१ मध्ये कुठली वाट सोडली, १९९३ मध्ये कुठली अपुरी निघाली, आणि १९ सप्टेंबरला त्या दोन्हींचं काय झालं, हे वाइल्स यांनी तिथे क्रमाने लिहून ठेवलं आहे. प्रमेयाच्या सिद्धतेला त्या परिच्छेदांची काही गरज नाही. त्यांच्यासाठी जागा मात्र ठेवली.